रानातलं विनावायरचं घर: मुंबईहून निघणाऱ्यांसाठी

मुलुंडला माझ्या घरी नळ सोडला की येतं ते पाणी भातसा-तानसाचं. ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. आणि त्याच तालुक्यात, मी जिथे एकरभर रान घेतलं त्या पाड्यावर, एप्रिल संपता संपता टँकरभोवती हंड्यांची रांग लागते. पेपरात वाचून हे माहीत होतं. पहिल्या मे महिन्यात दोन कॅन घेऊन स्वतः त्या रांगेत उभा राहिलो, तेव्हा कळलं.

म्हणून पुढे जे लिहिलंय ते दोन महिन्यांना धरून लिहिलंय: मे आणि जुलै. मेमध्ये ऊन रग्गड, पाणी नाही. जुलैत पाणीच पाणी, ऊन औषधालाही नाही. डिसेंबरात कुठलंही घर छान चालतं. दलाल जमीन दाखवायला डिसेंबरातच नेतात, ते उगाच नाही.

आम्ही दोघंच, नवरा-बायको. सहा वर्षं झाली, आठवड्यातले चार-पाच दिवस तिथे असतो. विजेची लाइन घेतलेली नाही. नाचणी, थोडा भात, वाल, भाज्या घरच्या. तेल, साखर, चहा आणि गॅसचा एक सिलिंडर शहापूरच्या बाजारातून. शंभर टक्के स्वयंपूर्ण आहोत असं कोणी सांगितलं तर त्याच्या घरातला मिठाचा डबा कुठून भरतो ते विचारा.

पायरी १: आधी स्वतःचा सातबारा शोधा

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. मुंबईत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला हे दलालाकडून कळतं, तेही टोकन दिल्यावर.

तेव्हा आधी घरात चौकशी करा. आजोबांच्या, आईच्या माहेरच्या गावी जमीन आहे का? वारसनोंद झाली आहे का? माझं नाव साताऱ्याकडच्या वडिलोपार्जित जमिनीवर लागायचं राहून गेलं होतं. ती नोंद करून घेण्यात आठ महिने गेले. तेवढ्या काळात रागाने चार वेळा सगळं सोडून द्यायचं ठरवलं.

‘शेतकरी दाखला करून देतो, एवढे एवढे लागतील’ असं सांगणारे भेटतात. त्या वाटेला जाऊ नका. खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार पुढे रद्द होतो, पैसे आणि जमीन दोन्ही जातात. गावी खरंच काही नसेल तर बिगरशेती झालेला प्लॉट बघा, किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची जागा भाड्याने घेऊन एक वर्ष राहून बघा. खरं सांगायचं तर ज्यांच्याकडे दाखला आहे त्यांनीही ते वर्ष काढावं.

पायरी २: जमीन मेमध्ये बघा, मग जुलैत बघा

मेमध्ये गेल्यावर विहिरीत डोकवा. फक्त त्या जमिनीच्या नाही, पाड्यावरच्या सगळ्या. आमच्याकडे खाली काळा कातळ आहे. बोअर मारली आणि कातळातली भेग लागली तर पाणी, नाहीतर तीनशे फुटांची धूळ. शेजारच्या बोअरला पाणी आहे म्हणजे तुमच्या बोअरला लागेल, असं या दगडात होत नाही.

जुलैत गेल्यावर रस्ता बघा. नकाशावरचा रस्ता वेगळा आणि चिखलातला वेगळा. ओढा किती चढतो, पलीकडून येता येतं का, आणि रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर जीप कुठपर्यंत येईल, हे बघा. जमिनीला कायदेशीर वाट आहे का ते विचारा. ‘सगळे इथूनच जातात’ ही वाट नव्हे. ज्याच्या बांधावरून जाता तो उद्या कुंपण घालेल. वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, पण त्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालावे लागतात आणि शेजार कायमचा तोंड फिरवतो.

शक्यतो कसारा लाइनच्या स्टेशनपासून, म्हणजे आसनगाव, आटगाव, खर्डी यांच्यापासून, रिक्षा-जीपने अर्ध्या तासात पोचता येईल असं ठिकाण धरा. सुरुवातीच्या दोन वर्षांत तुम्ही शंभरदा ये-जा करणार आहात, आणि दर वेळी हातात एक पीव्हीसीचा पाइप नाहीतर सिमेंटची अर्धी गोणी असणार आहे.

पायरी ३: कागद

इथे घाई करू नका. हे कागद गोळा करा:

- सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), डिजिटल सहीचे, ताजे
- सातबाऱ्यावर दिसणारे सगळे फेरफार (मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदी), जुन्यातल्या जुन्यापर्यंत
- गाव नकाशा आणि गट नकाशा
- सरकारी मोजणीची ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा नकाशा)
- वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट
- झोन दाखला
- तुमचा स्वतःचा शेतकरी असल्याचा पुरावा

सातबाऱ्यावर सगळ्यात आधी ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. क्षेत्रफळ सगळे वाचतात, हा रकाना कोणी वाचत नाही. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क, सगळं तिथे असतं. मग भोगवटादार वर्ग बघा. वर्ग १ असेल तर पुढे चला. वर्ग २ म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन.

रानातली जमीन घेणाऱ्यासाठी तीन सापळे जास्त महत्त्वाचे.

पहिला, खाजगी वन. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून अशी वनं सरकारजमा झाली. अनेक ठिकाणी सातबाऱ्यावर तशी नोंद आहे, तरी कब्जा जुन्याच माणसाकडे आहे आणि तो ती विकायला उभा आहे. ‘राखीव वने’, ‘खाजगी वने’, ‘कलम ३५(३)’ असा कुठलाही शब्द दिसला की वनविभागात चौकशी केल्याशिवाय एक रुपया देऊ नका. झाडी जितकी दाट तितकी ही शंका जास्त घ्या.

दुसरा, आदिवासी जमीन. शहापूर हा ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचा तालुका. त्यांची जमीन बिगरआदिवासीला शासनाच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. संहितेचं कलम ३६ आणि ३६अ त्यासाठीच आहे. ‘कुलमुखत्यारपत्र करू, नव्याण्णव वर्षांचं भाडं लिहू’ अशा युक्त्या कोणी सुचवल्या तर चहा पिऊन उठा. कायद्याचं राहू द्या, ज्यांच्या शेजारी राहायचं त्यांचीच जमीन हिसकून राहायचं, हे होत नाही.

तिसरा, वनहक्काचा पट्टा. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही. तरी ‘स्वस्तात’ म्हणून ती दाखवली जाते.

तानसा अभयारण्याच्या आसपास असाल तर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची हद्दही तपासा. शेतघर बांधायचं असेल तर जमीन किमान ०.४ हेक्टर हवी, म्हणजे साधारण एक एकर. सातबाऱ्यावरचे आकडे हेक्टर-आरमध्ये असतात आणि दलाल गुंठ्यांत बोलतो. एक आर आणि एक गुंठा जवळजवळ सारखेच, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

आता मोजणीची गोष्ट. आम्हाला जमीन दाखवली तेव्हा दलालाने एका मोठ्या रायवळ आंब्याला हात लावून सांगितलं, ‘हा तुमचा, आणि त्याच्या बुडाशी झरा आहे तोही तुमचा.’ बायको तिथेच बसली आणि म्हणाली, हीच घ्यायची. खरेदीखत झालं, मग मोजणी केली. भूकरमापकाने चुन्याची रेघ मारली ती आंब्याच्या अकरा फूट अलीकडून. झाड शेजाऱ्यांचं, झराही शेजाऱ्यांचा. शेजारचे ठाकूरबाबा बांधावर उकिडवे बसून सगळं बघत होते. त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. आम्ही विचारलं नव्हतं. मोजणी आधी करा, खरेदी नंतर. आणि मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्यांना बोलवा.

पायरी ४: घराच्या आधी पाणी

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमच्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. छप्पर साठ चौरस मीटर. गळती, उडालेलं पाणी वगैरे वजा करून ऐंशी टक्के धरलं तरी १,२०,००० लिटर. पाणी कमी नाहीच. ते चार महिन्यांत येतं आणि आठ महिने पुरवायचं असतं, अडचण ती आहे.

दोन माणसं, माणशी रोज पन्नास लिटर, २४० दिवस: २४,००० लिटर. आम्ही दहा हजार लिटरच्या तीन फेरोसिमेंटच्या, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपलेल्या, टाक्या बांधल्या. प्लास्टिकच्या टाक्या पटकन बसतात, पण उन्हात ठेवल्या तर काही वर्षांत तडकतात आणि मेमध्ये पाणी चहाइतकं तापतं. टाक्या घराच्या पूर्वेला, झाडाच्या सावलीत ठेवा.

पन्हळीला जोडणाऱ्या पाइपात सुरुवातीला एक उभा तुकडा सोडा, खाली बूच लावून. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी त्यातून सोडून द्यायचं. आठ महिन्यांची धूळ, पाखरांची विष्ठा, सागाची पानं, सगळं त्यात येतं. टाकीच्या प्रत्येक भोकाला बारीक जाळी लावा, हवा जाण्याच्या नळीलासुद्धा. आम्ही तेवढी एक विसरलो, आणि सप्टेंबरात टाकीवर टॉर्च मारला तर पाणी वळवळत होतं. प्यायचं पाणी उकळून घ्या, पावसाचं आहे म्हणून शेफारू नका.

टाकीला काचेची किंवा पारदर्शक पाइपची पातळीनळी लावा आणि तिच्यावर महिन्यांच्या खुणा करा. ‘मार्च’च्या खुणेखाली पाणी फेब्रुवारीत गेलं की कपडे मुलुंडला धुवायला न्यायचे. आमच्याकडे हा नियम मोडायची कोणाला मुभा नाही, पाहुण्यांनाही नाही.

झाडांसाठी मात्र टाकीला हात लावायचा नाही. आंघोळीचं आणि मोरीचं पाणी उघड्या चरातून केळी आणि अळूकडे सोडा. उतारावर आडवे चर खणा. दोन-तीन पावसाळे गेले की फरक दिसतो: आमच्या खालच्या खाचरात पूर्वी डिसेंबरात भेगा पडायच्या, आता जानेवारीत वाल उभा असतो.

पायरी ५: घर

थोडक्यात सांगतो, कारण यावर प्रत्येकाचं मत असतं.

पावसाची झड पश्चिम-नैऋत्येकडून येते. दार तिकडे ठेवू नका. छपराची पागोळी भिंतीपासून निदान तीन फूट लांब पडू द्या. जोतं गावातल्या जुन्या घरांइतकं उंच घ्या. त्यांनी उगाच दगड वाया घातलेले नाहीत. कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली भिंत उन्हाळ्यात गार राहते, पण दर वर्षी लिंपावी लागते. आम्ही तीन फुटांपर्यंत दगड आणि वर कूड असा मेळ घातला. बांबू वापरणार असाल तर बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवून घ्या, नाहीतर भुंगा वर्षात पीठ करतो. ती बारीक पिवळी भुकटी सकाळी ताटात पडलेली दिसली की समजायचं.

झाडं तोडताना थांबा. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी १९६४ च्या कायद्याच्या यादीतलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. साग, ऐन, मोह, आंबा, फणस, जांभूळ, खैर, हिरडा, चिंच ही सगळी त्या यादीत आहेत. म्हणजे रानात उभं राहून दिसणारं जवळपास सगळंच. घराची जागा झाडांमध्ये शोधा.

पायरी ६: वीज, जुलैच्या हिशेबाने

सोलरवाला तुम्हाला वर्षाची सरासरी सांगेल. आमच्याकडे एक किलोवॉटच्या पॅनेलमधून चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज येते. जुलैच्या झडीत एक युनिट आलं तरी खूप. तेव्हा आधी आपला खर्च मोजा:

- नऊ वॉटचे चार दिवे, पाच तास: १८० वॉट-तास
- कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे दोन, तीस वॉटचे, दहा तास: ६०० वॉट-तास
- मोबाईल, लॅपटॉप, रेडिओ: २०० वॉट-तास
- अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, पंधरा मिनिटं: सव्वाशेच्या आसपास

बेरीज एक युनिटच्या थोडी वर. साधे जुने पंखे लावले असते तर नुसत्या पंख्यांनाच दीड युनिट गेलं असतं. जुलैत पंखा फारसा लागतही नाही, तेवढंच वाचतं. फ्रिज नाही. दूध त्याच दिवशी संपवतो, उरलं तर विरजण.

दीडशे अँपिअर-तासाच्या दोन लेड-अॅसिड बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३.६ युनिट. त्या निम्म्याहून जास्त उपसल्या तर लवकर मरतात, म्हणून हातात पावणेदोन युनिटच धरायची. लिथियमच्या महाग, पण जवळजवळ सगळी साठवण वापरता येते आणि पाणी घालत बसावं लागत नाही. आता घ्यायची असती तर मी लिथियमच घेतली असती.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, वीस अंशांच्या आसपास कलतं. आमचं बसवणाऱ्याने मेमध्ये बसवलं, तेव्हा सूर्य डोक्यावर होता. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला कलला आणि दुपारी दोननंतर ऐनाच्या एका फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर यायला लागली. सावली हातभर, पण वीज निम्म्याने पडली. तो म्हणाला बॅटरी खराब, नवी घ्या. मी खुर्ची टाकून दिवसभर मीटरकडे आणि सावलीकडे आळीपाळीने बघत बसलो, तेव्हा उलगडा झाला. पॅनेलची चौकट आठ फूट सरकवली. अर्थिंग आणि वीजरोधक यांत कंजुषी करू नका. वळवाच्या पावसात उघड्या माळावर वीज पडते.

पायरी ७: चूल आणि संडास

पडलेल्या काटक्यांवर दोन माणसांचा स्वयंपाक आरामात होतो, पण जूनच्या आत लाकूड छपराखाली रचून ठेवा. बायोगॅसचा मोह आम्हालाही झाला होता. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच गुरं. गुरं म्हणजे एक दिवसही मुंबईला जायचं नाही. म्हणून एक सिलिंडर ठेवलाय, तो सात-आठ महिने जातो.

संडास दोन खड्ड्यांचा बांधा. एक भरला की बंद करून दुसरा चालू करायचा; वर्ष-दीड वर्षात पहिल्याचं खत होतं, वास राहत नाही. विहीर आणि झऱ्यापासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला.

आगपेटी तांदळाच्या डब्यात ठेवा. जुलैत बाहेर राहिलेल्या काडीचा गूल पेटीला नुसता चोपडला जातो. मिठाचं पाणी होतं, पापड चामड्यासारखे होतात, चामड्याच्या चपलेवर हिरवी बुरशी येते. ट्रंकेत कपडे ठेवायचे असतील तर मेमध्ये कडक ऊन देऊन बंद करा आणि ऑक्टोबरपर्यंत उघडू नका.

पायरी ८: काय पेरायचं

पहिल्या वर्षी काहीच नको. शेजारी काय पेरतात ते बघा आणि त्यांच्या लावणीला जा. वाकून चार तास आवण, म्हणजे भाताची रोपं, लावल्यावर भाताच्या किमतीबद्दलची मतं बदलतात.

दुसऱ्या वर्षापासून खाचरात भात, वरकसावर, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर, नाचणी, बांधावर तूर, भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल. भाताचं वाण हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, घ्या, कर्जत-३ सारखं. परतीचा पाऊस लवकर आटोपला तरी पदरात काहीतरी पडतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र कर्जतला आहे, बियाण्याची चौकशी तिथे करा. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेली एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) ही भाताची पद्धत आमच्यासारख्या कमी मनुष्यबळाच्या घराला सोयीची: नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, गादीवाफ्यावर थेट टोकणी. त्यात तणनाशक वापरतात. आम्ही हाताने खुरपतो आणि त्याची किंमत कमरेने मोजतो.

जूनमध्ये रान स्वतःच भाजी देतं: शेवळं, कोरळ, टाकळा, कुरडू, भारंगी. ओळखणाऱ्या माणसाबरोबर गेल्याशिवाय काहीही तोडू नका. शेवळं काकडं (काकड झाडाची आंबट फळं) किंवा चिंच न घालता शिजवली तर घसा असा खवखवतो की रात्रभर बोलता येत नाही. बायकोच्या मते तो आमच्या घरातला सगळ्यात शांत रविवार होता.

पायरी ९: वणव्याची तयारी

फेब्रुवारी ते मे. पानगळ झालेली, गवत वाळलेलं, आणि कोणीतरी राब (भाताच्या रोपांसाठीची जागा) भाजताना किंवा विडी टाकून आग सुटते. जानेवारी संपायच्या आत हद्दीच्या कडेने दहा फुटांची जाळरेषा करा, म्हणजे तेवढ्या पट्ट्यातलं गवत-पाला साफ, माती उघडी. पन्हळीतला पालापाचोळा काढा. लाकडाचा ढीग भिंतीला टेकवून ठेवू नका.

आग आली तर टाकीच्या पाण्याकडे धावू नका, ते पुरत नाही. ओल्या डहाळ्यांनी कडेकडेने झोडपायची, वाऱ्याच्या समोर उभं राहायचं नाही, आणि एकट्याने तर मुळीच नाही. तिसऱ्या वर्षी आमच्याकडे आली तेव्हा पाड्यावरून सोळा-सतरा माणसं आली. मी फोन केला नव्हता. त्यांनी धूर बघितला होता.

पायरी १०: साप, आणि दारावरचे नंबर

नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी साप या भागात आहेत. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावल्याचं कधीकधी कळतही नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. खाली झोपू नका. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. रात्री संडासला जाताना टॉर्च आणि गमबूट.

चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अवयव हलू न देता थेट रुग्णालय. या चारही सापांवर चालणारी प्रतिविषाची लस एकच आहे, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात लस असते का, हे राहायला जायच्या आधी स्वतः जाऊन विचारून या.

दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा: १०८, रुग्णालय, वनरक्षक, आणि पाड्यावर ज्याच्याकडे जीप आहे त्याचा नंबर. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. आंब्याखालच्या दगडावर चढून उत्तरेकडे तोंड केलं की दोन काड्या येतात. दगड अर्थातच ठाकूरबाबांच्या हद्दीत. पाहुणे आले की आम्ही आधी तो दगड दाखवतो, मग संडास.